केस रंगवण्याआधीचे दोन दिवस

आखाजीच्या तोंडावरची सकाळची ओपीडी. देवपुरातून एक बाई सुनेसोबत आल्या. वय पन्नाशीच्या पुढे, डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत ओढलेला. पदर बाजूला केला तेव्हा डोळे दिसतच नव्हते. पापण्या टम्म फुगलेल्या, कपाळ लालबुंद, कानामागून पिवळसर पाणी झिरपून वाळलेले. "काय व्हयनं माय?" असे विचारले, तर त्यांच्याऐवजी सूनबाईच बोलू लागल्या. आखाजीला लेक माहेरी येणार होती आणि त्याच आठवड्यात पुतण्याचे लग्न होते. म्हणून सासूबाईंना पहिल्यांदाच पार्लरमध्ये नेऊन केस रंगवून आणले. दुसऱ्या दिवशी खाज सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात.

"पाच-सहा वर्षं घरी रंग लावतात, कधी काही झालं नाही. आणि हा तर चांगल्या कंपनीचा होता," सूनबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मी बाईंनाच विचारले, "याआधी कधी रंग लावल्यावर खाज आली होती का?" त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, मागच्या दोन वेळा कानामागे आणि मानेवर खाज सुटली होती, पण उन्हाळा असल्यामुळे घामोळे असेल असे वाटले. म्हणजे शरीराने दोनदा सूचना दिली होती. तिसऱ्या वेळी चेहरा सुजला.

पार्लरला जाण्याआधी या बाईंनी तयारी केली नव्हती असे नाही. तीन दिवस डोक्याला तेल चोळले होते. कोंडा जावा म्हणून लिंबू घासले होते. बारीक दातांच्या फणीने टाळू खरवडून काढला होता. त्याच सकाळी शिकेकाईने नहाणेही झाले होते. तयारी भरपूर होती, पण जी करायला हवी होती ती एकच राहिली आणि जी करू नये ती दोन-तीन झाली. म्हणून आजचा लेख पार्लरमध्ये केस रंगवायला जाण्याआधीच्या तयारीवर.

केसात रंग शिरतो कसा?

केसाचा बाहेरचा थर कौलारू छपरासारखा असतो. एकावर एक बसवलेली अतिशय पातळ कौले समजा. टिकाऊ रंगात अमोनिया किंवा त्यासारखा अल्कधर्मी पदार्थ असतो. त्यामुळे ही कौले उचलली जातात. मग हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून केसाचा मूळ रंग फिका करते आणि रंगाच्या बारीक रेणूंना एकमेकांशी जोडून मोठे करते. रेणू मोठे झाले की त्यांना बाहेर पडता येत नाही. म्हणून हा रंग धुऊन जात नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तेवढे पांढरे मूळ दिसू लागते आणि आपण पुन्हा पार्लर गाठतो.

या बारीक रेणूंपैकी सर्वांत जास्त वापरला जाणारा रेणू म्हणजे पॅराफेनिलीनडायमिन. डॉक्टर आणि पार्लरवाले दोघेही त्याला 'पीपीडी' म्हणतात. त्याची हकीकत दगडी कोळशाच्या डांबरापासून सुरू होते. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याला त्या डांबरातल्या रसायनांवर प्रयोग करताना जांभळा रंग सापडला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पीपीडी केसांसाठी वापरात आले. १९०७ मध्ये पॅरिसमध्ये यूजीन श्यूलर या रसायनतज्ज्ञाने केसांचा कृत्रिम रंग बनवून केशकर्तनालयांना विकायला सुरुवात केली. आजही काळा रंग पक्का, स्वस्त आणि झटपट हवा असेल तर पीपीडीला तोड सापडलेली नाही.

यात आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की, रंग जितका गडद तितके पीपीडी सहसा जास्त. आपल्याकडे बहुतेकांना काळाच रंग हवा असतो. म्हणजे आपल्या वाट्याला पीपीडीही जास्तच येते.

"आजवर काही झालं नाही" याचा अर्थ

पीपीडीचा रेणू केसात शिरण्याइतका लहान असतो, त्यामुळे तो त्वचेतही शिरतो. काहींच्या शरीरातल्या संरक्षक पेशी त्याला शत्रू समजतात आणि तशी नोंद करून ठेवतात. ही नोंद पहिल्याच वेळी होईल असे नाही. ती दहाव्या वेळी होते, विसाव्या वेळीही होते. एकदा झाली की सहसा पुसली जात नाही. त्यानंतर तो रंग डोक्याला लागला की या पेशी जमा होतात आणि त्वचा लाल होते, सुजते, पाझरते.

या पेशी जमा व्हायला वेळ लागतो. साधारण एक ते तीन दिवस. म्हणूनच पार्लरमधून बाहेर पडताना सगळे छान दिसते आणि गडबड नंतर उडते. म्हणूनच लग्नाच्या आदल्या दोन दिवसांत केस रंगवणे हा सर्वांत वाईट मुहूर्त असतो. सूज नेमकी हळदीला किंवा अक्षता पडताना चढते.

ही अॅलर्जी रंग खराब किंवा बनावट असल्यामुळे होत नाही. नामवंत कंपनीच्या, व्यवस्थित बनवलेल्या रंगानेही ती होते. अमेरिकेतल्या त्वचा-अॅलर्जीच्या तज्ज्ञांची संघटना दरवर्षी एका पदार्थाकडे डॉक्टरांचे लक्ष वेधण्यासाठी त्याला 'वर्षाचा अॅलर्जीकारक' ठरवते. २००६ मध्ये तो मान पीपीडीला मिळाला होता.

ज्याला पीपीडीची अॅलर्जी झाली, त्याचा त्रास केसांपुरताच राहतो असेही नाही. काहींना कपड्यांचे विशिष्ट गडद रंग, काही प्रकारचे रबर किंवा बेंझोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचाही त्रास होऊ लागतो. बेंझोकेन काही हिरड्यांच्या जेलमध्ये आणि घशाच्या गोळ्यांमध्ये असते. म्हणून अशा रुग्णाने दाताच्या डॉक्टरांनाही आपली अॅलर्जी सांगून ठेवावी.

जी तयारी राहते ती हीच

रंगाच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद असतो. तो आपण सहसा कचऱ्यात टाकतो. खरे तर तो कागद कायद्याने ठेवायला लावलेला आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली १९४५ मध्ये जे नियम झाले, त्यांत केसांच्या रंगासाठी वेगळी तरतूद होती. वेष्टनावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत दोन गोष्टी छापायच्या. एक, रंगामुळे काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी घ्यावी. दोन, हा रंग भुवया आणि पापण्यांना लावू नये, त्याने अंधत्व येऊ शकते. आतल्या कागदावर चाचणी कशी घ्यायची ते सांगायचे, आणि ती प्रत्येक वेळी रंग लावण्याआधी घ्यावी हेही सांगायचे.

भुवया-पापण्यांबद्दलची सूचना उगाच आलेली नाही. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्यांचा रंग विकला जात होता. त्यात पीपीडी होते आणि त्याने एका महिलेची दृष्टी गेली. १९३८ मध्ये अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांवर कडक कायदा आला, त्यामागच्या कारणांत हे प्रकरणही होते. आपल्याकडे आजही केस रंगवून झाल्यावर वाटीत उरलेला रंग भुवयांना लावून टाकण्याची पद्धत आहे. ती सोडा. पार्लरमधल्या ताई स्वतःहून लावू लागल्या तरी नको म्हणा.

चाचणी अगदी सोपी आहे. ठरलेल्या दिवसाच्या किमान दोन दिवस आधी पार्लरमध्ये जा. जो रंग लावणार आहेत त्याच कंपनीचा, त्याच छटेचा, नेहमीप्रमाणे कालवलेला थोडासा रंग मागा. तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा पुरे. कानामागची किंवा कोपराच्या आतल्या बाजूची जागा साबण-पाण्याने धुऊन कोरडी करा, रंग लावा आणि वाळू द्या. त्यावर पट्टी बांधू नका. आग किंवा खाज सुरू झाली तर लगेच धुऊन टाका. काही झाले नाही तर पत्रकात दिलेल्या वेळेनंतर हलक्या हाताने धुवा.

आपल्या नियमांमधली चाचणी चोवीस तासांची आहे. पण ही अॅलर्जी उशिरा उठणारी असल्याने मी रुग्णांना पूर्ण अठ्ठेचाळीस तास थांबायला सांगते. या काळात लाली, खाज, पुरळ, सूज, पाण्याचे फोड यांपैकी काहीही दिसले, तर तो रंग तुमच्यासाठी नाही. 'थोडीशीच खाज होती' हे कारण चालणार नाही. कानामागे वाटाण्याएवढ्या जागेवर जे उठले, तेच उद्या पूर्ण डोक्यावर उठेल.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगायला हव्यात. घरची चाचणी शंभर टक्के खात्री देत नाही. क्वचित चाचणी चांगली येऊनही नंतर त्रास होतो, तरीही चाचणीमुळे मोठा अपघात बऱ्याचदा टळतो. दुसरे म्हणजे, ज्यांना रंगाने एकदा तरी सूज किंवा पुरळ आलेले आहे, त्यांनी ही चाचणी घरी अजिबात करू नये. त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. तिथे पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या छोट्या पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढतात आणि त्यानंतर आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. आपल्याला नेमके कशाचे वावडे आहे ते त्यातून कळते.

आधी मेंदी लावली असेल तर सांगा

आखाजीला मेंदी आलीच. खानदेशात माहेरवाशिणींचे हात मेंदीशिवाय राहत नाहीत, आणि हातांसोबत केसांनाही मेंदी लागते. मेंदीच्या पानातला रंग केसाच्या बाहेरच्या थराला चिकटतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. त्यावर पार्लरचा रंग एकसारखा बसत नाही. कुठे गडद, कुठे तांबूस राहतो. म्हणून गेल्या सहा महिन्यांत मेंदी लावली असेल तर पार्लरमध्ये आधीच सांगा. लाजण्यासारखे त्यात काही नाही.

पण मेंदी आणि 'काळी मेंदी' एक नव्हे. अस्सल मेंदी नारिंगी-तांबडी रंगते. ती एकटी कधीच काळीभोर रंगत नाही आणि अर्ध्या तासात तर नाहीच. जी मेंदी अर्ध्या तासात केस काळे करते तिच्यात बहुधा पीपीडी मिसळलेले असते, मग पाकिटावर हिरवी पाने छापलेली असोत की 'हर्बल' लिहिलेले असो. हातावर काळी नक्षी काढण्याचे कोनही तसेच. युरोपीय संघात डोक्याला लावायच्या मिश्रणात पीपीडी दोन टक्क्यांहून जास्त चालत नाही आणि त्वचेवर नक्षी काढायला ते वापरण्याची परवानगीच नाही. जत्रेत किंवा लग्नात लहान मुलीच्या हातावर काढलेली काळी नक्षी तिला आयुष्यभराची अॅलर्जी देऊ शकते, आणि ते तिला कळेल वीस वर्षांनी, पहिल्यांदा केस रंगवताना. लहानपणी अशा नक्षीने तुमच्या हाताला फोड आले असतील, तर चाचणी आणि वैद्यकीय सल्ला याशिवाय केस रंगवू नका.

काही पुड्यांमध्ये आणि केस हळूहळू काळे करणाऱ्या द्रवांमध्ये धातूंचे क्षार असतात. त्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापतात, तुटतात. शंका असेल तर मानेजवळच्या, न दिसणाऱ्या भागातले चार केस कापून द्या आणि त्यांच्यावर रंग लावून पाहायला सांगा. रंग कसा बसतो हेही त्यातून दिसेल.

पाणी, तेल आणि नहाणे

देवपूरच काय, धुळे-जळगाव पट्ट्यात ज्यांच्याकडे बोअरचे पाणी आहे त्यांना जड पाणी म्हणजे काय हे सांगायला नको. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर चढतो. तोच कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर केसांवरही बसतो. केस राठ होतात, रंग एकसारखा चढत नाही. पाण्यात तांब्याचा अंश असेल तर पेरॉक्साइडमुळे केसाचे नुकसानही वाढते. उपाय खर्चिक नाही. रंगवण्याआधीच्या आठवड्यात शेवटचे दोन तांबे पाणी नळाचे किंवा फिल्टरचे घ्या. पार्लरमध्ये जड पाण्याचा थर काढणारा शॅम्पू मिळतो. तो लावायचा असेल तर तीन-चार दिवस आधी एकदा लावा, त्याच दिवशी नको.

तेलाबद्दल खूप विचारले जाते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल तेलाची तुलना सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाशी केली होती. धुण्याआधी खोबरेल लावल्यास केसांतली प्रथिने कमी वाहून जातात, असे त्यात दिसले. बाकीच्या दोन तेलांनी तसे झाले नाही. हा अभ्यास खोबरेल विकणाऱ्या मुंबईतल्या कंपनीच्याच संशोधकांचा होता, हेही लक्षात ठेवावे. तरी खोबरेल तेलाचा रेणू केसाच्या आत शिरू शकतो हे खरे आहे. म्हणून आधीच्या आठवड्यात एक-दोनदा रात्री हलके तेल लावून सकाळी धुणे चांगले. मात्र रंगाच्या दिवशी केस तेलाने थबथबलेले नकोत. आणि तेल लावल्याने अॅलर्जी टळते हा समज चुकीचा आहे.

आता नहाण्याचे. सौम्य शॅम्पूने आदल्या दिवशी डोके धुवा. रंगाच्या दिवशी सकाळी चोळूनमोळून धुऊ नका. टाळूवर थोडा नैसर्गिक स्निग्धपणा असला तर रंगाची आग कमी होते. त्याहून महत्त्वाचे, नखांनी किंवा फणीने टाळू खरवडू नका. लिंबू, व्हिनेगर, खायचा सोडा यांपैकी काहीही घासू नका. ओरखडलेल्या टाळूतून रसायन सहज आत शिरते. आमच्या बाईंनी लिंबू आणि फणीने नेमकी हीच वाट मोकळी करून दिली होती.

केस सरळ करणे, केराटिन किंवा ब्लीच यांपैकी काही करून घेतले असेल तर रंगाआधी किमान दोन आठवडे मध्ये जाऊ द्या. एकाच केसावर लागोपाठ दोन रसायनांचा मारा झाला तर केस मधूनच तुटतात.

कोणी तारीख पुढे ढकलावी?

टाळूवर जखम, पुळ्या, गजकर्ण, भरपूर कोंड्यासह लाली किंवा सोरायसिसचे चट्टे असतील, तर आधी उपचार घ्या. मे महिन्यात घामोळ्यांनी मान-टाळू चरचरत असेल तरीही थांबा. टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळतात. ती गळती बहुतेक वेळा आपोआप थांबते, पण त्या काळात केसांना रसायनांपासून विश्रांती द्या.

गरोदर महिलांच्या बाबतीत, टाळूतून शरीरात जाणारे रंगाचे प्रमाण फार कमी असते. तरीही पहिले तीन महिने जाऊ द्यावेत असा सल्ला सहसा दिला जातो आणि तो पाळायला सोपा आहे. दम्याच्या रुग्णांनी ब्लीचबद्दल विशेष काळजी घ्यावी. त्यातल्या परसल्फेटच्या भुकटीने दमा उसळू शकतो. कर्करोगाची औषधे चालू असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय रंग लावू नये. सोळा वर्षांखालील मुला-मुलींसाठी हे रंग नाहीत, असे युरोपात वेष्टनावरच छापलेले असते. आपणही घरी तोच नियम ठेवावा.

पुरुषांनो, हे सगळे तुम्हालाही लागू आहे. कटिंगच्या दुकानात दाढी-मिशीला लावलेला रंग नाकाखालच्या आणि गालाच्या नाजूक त्वचेवर बसतो. ओठावरची सूज घेऊन येणारे बरेच काका 'काही तरी चावलं' म्हणून येतात. दोन दिवसांपूर्वी मिशी काळी केलेली असते.

पार्लरमध्ये बसल्यावर

रंगाचे पाकीट तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, कंपनी, छटा आणि घटकांच्या यादीसह. उद्या त्रास झाला तर डॉक्टरांना हा फोटो फार उपयोगी पडतो. आमच्या बाईंना कोणता रंग लावला हे कोणालाच सांगता आले नाही, कारण त्या बसल्या तेव्हा वाटीत रंग कालवून तयार होता. 'अमोनियाविरहित' लिहिले म्हणजे पीपीडी नाही असे होत नाही. पीपीडीविरहित रंगातही बहुधा त्याचाच जवळचा भाऊबंद, टोल्युइनडायमिन, असतो. पीपीडीची अॅलर्जी असलेल्या पुष्कळांना तोही सोसत नाही.

कपाळाच्या कडेला आणि कानांना व्हॅसलिन लावून घ्या. त्याने डाग पडत नाहीत, पण अॅलर्जी थांबत नाही. घड्याळ लावून बसा. पत्रकात दिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवल्याने रंग जास्त पक्का होतो हे खरे नाही. आग होऊ लागली तर 'आता थोडंच राहिलं' म्हणून सोसू नका, लगेच धुवायला सांगा. शेवटी पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणे गरजेचे. पूर्ण तयार झालेला, नीट धुतलेला रंग केसात राहिला तर सहसा त्रास देत नाही. अर्धवट राहिलेले रसायन त्रास देते.

आणि रंग लावणाऱ्या हातांकडेही एकदा पाहा. पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुली आणि कटिंगच्या दुकानातली मुले दिवसाला अनेक डोक्यांना हे रसायन लावतात, पुष्कळदा उघड्या हातांनी. बोटांना भेगा, खाज, नखांभोवती सूज घेऊन ती आमच्याकडे येतात. काहींना हा धंदाच सोडावा लागतो. त्यांनी प्रत्येक वेळी नवे, शक्यतो नायट्राइलचे हातमोजे घालावेत. गिऱ्हाईक म्हणून तुम्ही 'ताई, हातमोजे घाला ना' एवढे म्हणालात तर ते तुमच्या आणि त्यांच्याही भल्याचे आहे.

त्रास झालाच तर

भरपूर पाण्याने आणि सौम्य शॅम्पूने डोके धुवा. हळद, लिंबू, टूथपेस्ट काही लावू नका. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे मलम आणून चेहऱ्याला चोळू नका. डॉक्टरांना दाखवा. वेळेवर दिलेली औषधे बहुतेकांना आठवड्याभरात बरे करतात. पण श्वासाला त्रास, आवाज बसणे, जीभ किंवा ओठ सुजणे, चक्कर यांपैकी काही झाले, तर वाट न पाहता १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. घरात रंगाची पाकिटे मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. हा रंग पोटात गेला तर घसा सुजतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा वेळी घरगुती उपायात एक मिनिटही घालवू नका, थेट रुग्णालय गाठा.

तारखांचा हिशेब

समजा, लग्न रविवारी आहे. आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी पार्लरमध्ये जाऊन चाचणी लावून घ्या. शनिवारी आणि रविवारी कानामागे पाहा, रविवारीच केस सौम्य शॅम्पूने धुवा. सगळे ठीक असेल तर सोमवारी रंग. मग लग्नापर्यंत सहा दिवस हातात राहतात. काही उठलेच तर ते लग्नाच्या आत शांत करायला आम्हाला वेळ मिळतो. पार्लरला जाताना तारीख फक्त रंगाची घेऊ नका, चाचणीचीही घ्या. पार्लरवाल्या ताईंनी वहीत दोन्ही तारखा लिहिण्याची सवय लावली, तर धुळ्यातल्या अनेक घरांचे सण सुखाचे जातील.

त्या बाईंची सूज सहाव्या दिवशी उतरली. पुतण्याच्या लग्नाला त्या गेल्या, पण डोक्यावरचा पदर काही मागे सारला नाही. पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा म्हणाल्या, लग्नाच्या फोटोंत मी कुठेच नाही. आता त्यांनी केस पांढरे ठेवले आहेत, आणि ते त्यांना शोभतातही. पण पांढरे ठेवायचे की काळे करायचे, हे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवावे. अॅलर्जीमुळे ते ठरवायची वेळ कोणावर येऊ नये.